गाडी चालताना एकाच डब्याखालून सतत ठोके ऐकू येतात. रूळ खराब की डबा?

बहुतेक वेळा डबा. धामणगाव ते वर्धा आवाज तुमच्यासोबतच चालत असेल आणि वेग वाढला की ठोके जवळजवळ पडत असतील, तर चाक एका जागी सपाट झालंय. एलएचबीचं (नव्या पद्धतीच्या डब्याचं) नवं चाक 915 मिमी व्यासाचं, म्हणजे ताशी 100 किमीला सेकंदाला जवळपास दहा ठोके.

कारण ब्रेक. कोणी गावाजवळ चेन ओढतो, ती नीट रीसेट होत नाही, ब्रेक पाइपात 5 किलो हवेचा दाब भरला की ब्रेक सुटायला हवेत, पण त्या डब्याचे सुटत नाहीत आणि चाक रुळावर घासत जातं. चाक घसरू लागलं की डंप व्हॉल्व्हने (हवा सोडणाऱ्या झडपेनं) ब्रेकची हवा सोडायची असते, पण अ‍ॅक्सलवरच्या सेन्सरची केबल तुटलेली असली तर ते होतच नाही.

वाटेत डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हचा (डब्याचे ब्रेक लावणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेचा) हँडल ओढून हवा सोडतात. तरी सुटलं नाही तर त्या डब्याचे ब्रेक बंद करून गाडी पुढे काढतात. सपाट भाग 50 मिमीच्या वर गेला की चाक लेथवर तासायला, तेही जोडीनं. व्यास 845 मिमीला आला की चाक बाद.

गाडी सुटताना डब्याबाहेरचा ब्रेक इंडिकेटर अजून लाल, म्हणजे ब्रेक लागलेला दिसला तर गार्डला किंवा 139 ला डबा क्रमांक सांगा. धूर दिसला म्हणून बाटलीतलं पाणी मात्र ओतू नका, तापलेली ब्रेकची डिस्क तडकते.