मुंबईतील ट्राम बंद करणे ही चूक होती का?

आपला प्रश्न दुहेरी आहे: १९६४ मध्ये मुंबईतील ट्राम बंद केल्या ही चूक होती का, आणि आता त्या पुन्हा सुरू करता येतील का? पहिल्या भागाचे माझे उत्तर 'होय' असे आहे. दुसऱ्या भागाकडे नंतर वळतो, कारण पहिल्या भागावरून आमच्या घरात साठ वर्षे वाद चालू आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ट्रामचे मोटरमन होते.

९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली, १९२० मध्ये दुमजली झाली आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सारा कारभार महापालिकेकडे आला, हे सर्वत्र वाचायला मिळते. वाचायला मिळत नाही ते असे की १९५० च्या दशकात एकेक मार्ग बंद होऊ लागला, तेव्हा आमच्या परळच्या चाळीत दर वेळी सुतक पडल्यासारखे वाटे. शेजारीपाजारी अण्णांना विचारीत, "तुमचा मार्ग राहिला ना?" आणि अण्णा "आहे अजून," एवढेच म्हणत.

३१ मार्च १९६४ ही ट्रामची शेवटची रात्र होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला जाणार होती आणि तिच्यावर अण्णांची पाळी नव्हती, म्हणून त्यांनी साधा शर्ट घालून, प्रवासी म्हणून मला घेऊन जायचे ठरवले. आमच्याबरोबर नानाकाकाही निघाले. नानाकाका म्हणजे अण्णांचे धाकटे बंधू, आमच्या घराण्यातील पहिल्या स्कूटरचे मालक. त्याच्या आदल्या पावसाळ्यात लालबागला ओल्या रुळांवरून त्यांची स्कूटर घसरली होती आणि त्या दिवसापासून ट्राम ही शहराच्या प्रगतीतील धोंड आहे, असे त्यांचे ठाम मत झाले होते. (घसरण्यापूर्वी ते रोज ट्रामनेच कामावर जात.)

बोरीबंदरला एवढी गर्दी उसळली होती की आम्हाला पायरीवरही पाय ठेवता आला नाही. लोक खांबांना लोंबकळत होते, काही जण टपावर चढले होते. अण्णांनी ओळखीच्या कंडक्टरला हाकही मारली नाही. आम्ही मुकाट्याने बस पकडली आणि ती बस आरामात ट्रामच्या पुढे निघून गेली. तेव्हा नानाकाका म्हणाले, "बघ दादा, बस कशी सुटली! उगाच गळे काढता तुम्ही लोक." अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. ते म्हणाले, "नाना, सगळी माणसं त्या ट्राममध्ये आहेत, म्हणून तुझ्या बसला रस्ता मोकळा मिळाला."

आम्ही लालबागला उतरून रस्त्याच्या कडेला थांबलो. दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. ट्राम खूप उशिरा आली आणि ती येण्याआधी तिची घंटा ऐकू आली. ती घंटा मोटरमनला पायाने वाजवावी लागे आणि त्या रात्री ती थांबतच नव्हती. गाडी समोरून गेल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "पाय भरून आला असेल त्याचा." पुढे त्यांना बसवर घेतले गेले आणि त्यांनी कंडक्टर म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केली. परंतु बसमध्ये बसल्यावरही गाडी थांबली की त्यांचा उजवा हात काहीतरी काढून घेतल्यासारखा हलत असे. ट्राममधून उतरताना मोटरमन कंट्रोलरचे, म्हणजे ट्राम चालवण्याच्या यंत्राचे, हँडल काढून बरोबर नेत असे, ही ती सवय होती.

आता वादाचा मुद्दा. ट्राम रस्ता अडवते, असे तेव्हा सांगितले गेले. वस्तुतः रूळ आपल्या जागी होते. त्यांच्यावर येऊन उभ्या राहत होत्या त्या मोटारी. शंभर माणसांची गाडी चार माणसांच्या गाडीसाठी हटवायची, हा हिशेब मला नऊ वर्षांचा असतानाही कळला नव्हता आणि आज सत्तरीतही कळत नाही. त्यानंतर आपण काय काय करून पाहिले? ट्रॉलीबस १९६२ मध्ये आणली आणि १९७१ मध्ये बंद केली. लालबागवरून उड्डाणपूल नेला. २०१४ मध्ये मोनोरेल आणली, जिच्याविषयी न बोललेले बरे. भुयारी मेट्रो ३ चे मी मनापासून कौतुक करतो. परंतु जुन्या ट्रामच्या वाटेवरच असलेल्या गिरगाव आणि काळबादेवी या स्थानकांत शिरण्यासाठी आधी जमिनीखाली उतरावे लागते, आणि माझी आजी पदर खोचून एका पायरीत ट्राममध्ये चढत असे.

ट्राममध्ये दोष नव्हते असे नाही. ती रस्त्याच्या मध्यावर थांबे, त्यामुळे चढणाऱ्यांना वाहनांमधून वाट काढावी लागे. सायकलचे चाक रुळाच्या खाचेत अडकत असे, हिंदमाताला पाणी तुंबले की सेवा ठप्प होई, आणि शेवटी शेवटी गाड्या फार जुन्या झाल्या होत्या, हे अण्णा स्वतः मान्य करीत. म्हणजे नानाकाकांचे घसरणे खोटे नव्हते. परंतु त्यावर उपाय रूळ दुरुस्त करणे आणि नव्या गाड्या आणणे हा होता. मी मोटरमनचा मुलगा आहे, तेव्हा माझ्या मताला तेवढी सूट द्यावी.

पुन्हा सुरू करता येतील का? काळबादेवीत नाही, तिथे हातगाडी वळवणेही कठीण आहे. डॉ. आंबेडकर मार्गासारख्या रुंद रस्त्यावर शक्य आहे, पण तिथे ट्रामसाठी स्वतंत्र पट्टा सोडावा लागेल, आणि जे शहर बसला असा पट्टा देत नाही ते ट्रामला कुठून देणार? म्हणून माझा सल्ला असा की आपण ट्रामची मागणी सोडून बसच्या पट्ट्याची मागणी करावी. अण्णांचे म्हणणे त्यातही पुरे होते.

आणि रूळ पाहायचे असतील तर हुतात्मा चौकात जावे. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखाली सापडलेला रुळांचा तुकडा तिथे जपून ठेवला आहे. नानाकाकांच्या मुलाला मी तो दाखवायला बोलावले होते. मी बसने वेळेवर पोहोचलो. तो गाडी लावायला जागा शोधत फिरत होता, आणि पाऊण तासाने त्याने फोन करून सांगितले की तो घरी परत निघाला आहे.