कित्तूरचा थॅकरे आणि आपले ठाकरे

प्रश्न : बाई, मागच्या महिन्यात नातवाला घेऊन कित्तूरचा किल्ला बघायला गेलो होतो. राणी चन्नम्माच्या लोकांनी कलेक्टरला पाडलं ती गोष्ट सांगत होतो, तेवढ्यात त्यानं मोबाईलवर त्या कलेक्टरचं नाव इंग्रजीत शोधलं आणि ओरडला, "आजोबा, हे तर आपले ठाकरे!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. स्पेलिंग खरोखरच तेच आहे की! हे आडनाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, आणि आपल्या ठाकऱ्यांशी त्याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या भागात ठाकरे हे नाव जरा मोठ्यानं घेतलं की माना वळतातच, आणि तुमच्या नातवानं ते घेतलं कुठं, तर कित्तूरच्या किल्ल्यात! आधी शंका फेडते. नातं काही नाही. एक आडनाव इंग्लंडातल्या यॉर्कशायरचं, दुसरं पनवेलचं. सारखं आहे ते फक्त स्पेलिंग, आणि ते मात्र आपोआप सारखं झालेलं नाही. त्याकडं शेवटी येते.

तुमचा कलेक्टर म्हणजे सेंट जॉन थॅकरे, धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. (पहिलं नाव लिहायचं 'सेंट जॉन' आणि म्हणायचं 'सिंजन'. इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली, पण असल्या नावांपुढं मी अजून हात टेकते.) कित्तूरचा दत्तक कंपनीला मान्य नव्हता. साहेबानं खजिन्याला सील ठोकलं, किल्ल्यापुढं तोफा आणल्या आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला तिथंच मारला गेला. गोळी अमटूर बाळप्पाची, असं आपल्याकडं सांगतात. दरवर्षी त्याच तारखेला कित्तूर उत्सव सुरू होतो.

त्या दिवशी लंडनच्या एका शाळेत या साहेबाचा तेरा वर्षांचा पुतण्या शिकत होता. जन्म कलकत्त्याचा, १८११ चा. वडील कंपनीचे नोकर. ते लवकर वारले आणि पोराला बोटीनं विलायतेला धाडलं. हाच पुढं कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे म्हणून गाजला. 'मेकपीस' हे मुळात आडनाव, अर्थ तंटा मिटवणारा. काकाच्या नावात ते असतं तर कित्तूरकरांना हसू आवरलं नसतं.

आता अर्थ. यॉर्कशायरमध्ये नवव्या शतकात डेन्मार्ककडचे लोक तलवारी घेऊन आले आणि पुढं नांगर धरून तिथंच राहिले. त्यांच्या बोलीत 'थाक' म्हणजे छपरावर घालायचं गवत किंवा बोरू, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, आडोशाची जागा. थाक-व्रा म्हणजे शाकारणीचं गवत मिळतं तो कोपरा. माझ्या लहानपणी जांबोटीकडं मामाच्या गोठ्याची शाकारणी मिरगाच्या आधी व्हायची. गवताच्या पेंढ्या खालून वर फेकायच्या, वरच्या गड्यानं त्या झेलून ओळीत दाबायच्या आणि आम्हा पोरांच्या अंगाला रात्रभर कुसळं. ते गवत कुणाच्या बांधावरून कापायचं यावरून भावकीत बोलाचाली होत असे. गवताच्या जागेला स्वतःचं नाव का पडावं, हे मला तरी कुणी समजावून सांगायला नको.

त्याच 'थाक'ची सख्खी बहीण म्हणजे इंग्रजीतलं 'थॅच', गवताचं छप्पर. दक्षिणेकडं शाकारणाऱ्याला थॅचर म्हणाले, उत्तरेकडं थॅकर. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचरबाईंना ते नवऱ्याकडून मिळालं, माहेरच्या त्या रॉबर्ट्स. तेव्हा थॅचर आणि थॅकरे ही एकाच गवताची दोन आडनावं. फरक इतकाच की थॅचर हा धंदा आणि थॅकरे हे गाव.

गावावरून आडनाव म्हटलं की आपण लगेच 'कर' लावतो. हलग्याचा हलगेकर, सांबऱ्याचा सांबरेकर, कंग्राळीचा कंग्राळकर. इंग्रज तसं काही लावत नाही. गावाचं नाव आहे तसं उचलतो आणि आडनाव म्हणून मिरवतो. ही रीत मराठी नव्हे, अस्सल कानडी आहे! विनायक कृष्ण गोकाक हे मोठे कानडी लेखक. जन्मले सावनूरला, आडनाव आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचं, आणि त्याला ना 'कर' ना काही. आपल्या जिल्ह्यात एकाच बाकावर एक पोरगं नुसत्या गावाच्या नावाचं आणि दुसरं 'कर'वालं, हे मी तीस वर्षं हजेरीत बघितलं. तेव्हा नातवाला सांगा, थॅकरे हे आडनाव गोकाकसारखं आहे, गोकाककरसारखं नाही.

मूळचं थॅकरे गाव मात्र आता बघायला मिळणार नाही. फ्यूस्टनजवळची ती वस्ती. लीड्स शहराला पाणी हवं म्हणून १८७० च्या दशकात तिथं तलाव बांधला, त्याखाली ती जागा गेली. हिडकल धरणात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर गेलं, पाणी उतरलं की उन्हाळ्यात त्याचं दर्शन होतं, तसं त्या बिचाऱ्यांचं काही वर येत असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. गाव गेलं, आडनाव राहिलं.

आडनाव तसं दुर्मीळच. जे आहेत ते बहुतेक यॉर्कशायरचे, लीड्सच्या आसपासचे, आणि तेही मधला 'ई' न घालता टी-एच-ए-सी-के-आर-ए-वाय लिहितात. थॅक्रा म्हणूनही काही आहेत. लीड्सचा एक डॉक्टर थॅक्रा कोणत्या धंद्यात माणसाला कोणता रोग जडतो याची नोंद ठेवायचा, १८३१ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक निघालं. त्याच शहरात १९०२ मध्ये चार्ल्स थॅकरे नावाच्या माणसानं औषधांचं दुकान घेतलं. ते वाढत जाऊन शस्त्रक्रियेच्या हत्यारांची कंपनी झाली आणि १९६० च्या दशकात सर्जन जॉन चार्नली यांचा कृत्रिम खुबा याच कंपनीनं घडवला. लीड्सला आज थॅकरेंच्या नावाचं वैद्यकाचं म्युझियम आहे. 'ई'वालं स्पेलिंग त्यातही कमी. ते जगभर माहीत झालं कादंबरीकारामुळं, आणि आता सर्वात जास्त वेळा छापलं जात असेल तर बहुधा मुंबईच्या इंग्रजी पेपरांत.

तिथं ते कसं पोचलं? प्रबोधनकार, म्हणजे केशव सीताराम ठाकरे, १८८५ साली पनवेलला जन्मले. वाचनाचा दांडगा नाद आणि कादंबरीकार थॅकरे आवडता. आडनाव इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याचंच स्पेलिंग घेतलं, असं सांगतात. पुढं मुलांनी, नातवांनी तेच चालवलं. म्हणजे नाव आपलं, फक्त कोट विलायती.

हा कोट अंगाला बसला याचं कारण रोमन लिपीची गरिबी. तिच्यात ठ नाही आणि थ नाही, दोघांना मिळून एकच टी-एच. ठाण्याचाही ठ तोच आणि थळचाही थ तोच. यात मीही पोळले आहे. माझं माहेरचं आडनाव कडोलकर. वडील गेल्यावर उताऱ्यावर वारसा लावायला एका कचेरीत अर्ज दिला, सोबत इंग्रजी दाखला जोडला. तिथल्या माणसानं इंग्रजी 'डी' बघून कानडीत सरळ द घातला आणि मी कदोलकर झाले. वडील कडोलकर, मुलगी कदोलकर, तेव्हा ही मुलगी यांचीच कशावरून? दुरुस्तीसाठी दोन वर्षं चपला झिजवल्या, चार प्रतिज्ञापत्रं केली.

नातवाला कानडी वाचता येत असेल तर पुढच्या खेपेला त्याला कानडी पुस्तकातली कित्तूरची गोष्ट वाचायला द्या. कानडीत कलेक्टरला लिहितात 'थ्याकरे' आणि मुंबईच्यांना 'ठाक्रे'. थ वेगळा, ठ वेगळा, घोटाळ्याला जागाच नाही. इंग्रजीनं घातलेली गाठ कानडीनं अशी सोडवलेली बघून मला कौतुक वाटतं, पण फार नाही. उताऱ्यावर मी अजून कदोलकरच आहे.