गंधार लाल दिसतो म्हणून गाणं बंद?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, नववीत शिकतो. ६ वर्षं शास्त्रीय गायन शिकतोय, आंतरशालेय स्पर्धांत तीनदा पहिला आला. गेले पाच-सहा महिने वरचे सूर लागत नाहीत, तान अडखळते. त्याचे गुरुजी नुसता यमन राग, तोही संथ गायला लावतात. मी मोबाईलवर सूर मोजणारं अ‍ॅप घेतलं. त्यात त्याचा गंधार (‘ग’) रोज लाल दिसतो, १२ ते १५ सेंट कमी (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). माझ्या मते खरी प्रतिभा तानेच्या तयारीत दिसते. माझा भाऊ म्हणतो, तो कुठलंही गाणं एकदा ऐकून पेटीवर काढतो, म्हणजे जन्मजात कलाकार आहे. यात खरं काय? डिसेंबरच्या स्पर्धेत नंबर आला तर गाणं पुढे, नाही तर जेईईचा फाउंडेशन क्लास, असं त्याला सांगितलं आहे. पुढच्या अभ्यासक्रमांची माहितीही द्यावी.
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

प्रतिभेच्या वादाकडे नंतर येतो. आधी डिसेंबरचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ तीच आहे.

तुमच्या मुलाचा आवाज फुटतोय. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. तो सरळ रेषेत उतरत नाही. आज लागलेला तार षड्ज (वरचा ‘सा’) उद्या फाटतो, मधल्या दोन-तीन सुरांवर आवाज अचानक पलटी खातो. काही मुलांना हे काही महिने चालतं, काहींना वर्षभर किंवा त्याहून जास्त. अशा काळात तुम्ही त्याला सांगितलंत की, याच गळ्यावर तुझं गाणं राहणार की जाणार ते ठरेल. स्पष्ट लिहितो, रागावू नका : हा अन्याय आहे. तो हरला तर तुमची समजूत होईल की प्रतिभा नव्हती, आणि त्यालाही तेच वाटेल. प्रत्यक्षात फक्त त्याचं वय मोजलं गेलेलं असेल. जिंकायच्या धास्तीने त्याने जुन्या पट्टीत, म्हणजे लहानपणी धरलेल्या उंच ‘सा’वर, गळा ताणला, तर घसा कायमचा दुखावू शकतो. एरवी आपसूक सरणाऱ्या अडचणीचं मग दुखणं होऊन बसेल.

आणि फाउंडेशन क्लास हरल्याची शिक्षा म्हणून लावलात, तर गाणं तर जाईलच, गणिताशीही त्याचं कायमचं वाकडं होईल.

त्याची पट्टी आता कुठली आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो अजून लहानपणच्या काळी चारमध्येच (पेटीच्या चौथ्या काळ्या सुराला ‘सा’ धरून) गात असेल, तर निम्मी अडचण तिथेच आहे. गुरुजींशी बोलून षड्ज खाली आणा. पुरुषांचे आवाज पुढे बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास स्थिरावतात, पण तिथे एकदम उडी मारायची नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, विनासायास बोलताना त्याचा आवाज कुठे असतो ते पाहून तानपुरा थोडा उतरवायचा. रियाज २०-२० मिनिटांच्या दोन बैठकांत, मध्य सप्तकाच्या मधल्या पाच-सहा सुरांत. तार सप्तकातल्या ताना बंद. ‘आवाज भरदार होऊ दे’ म्हणून पहाटे जबरदस्तीने खर्जही (अगदी खालच्या सुरांचा रियाज) नको, त्यानेही तंतूंवर ताण येतो. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलायची सवय लागू देऊ नका. आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्वरयंत्र दाखवा. गुरुजी संथ यमन गाऊन घेतात ते अगदी योग्य आहे. त्यांच्या कामात अ‍ॅप घेऊन उभे राहू नका.

आता तो लाल गंधार. प्रतिभा नसल्याचा पुरावा म्हणून तुम्ही जे पाठवलंत, त्यात मला चांगली बातमी दिसते. सूर मोजणारी बहुतेक अ‍ॅप्स पेटीच्या सुरांवर बेतलेली असतात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग. तानपुरा तसा बोलत नाही. जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून षड्जाच्या पाचपट कंपनांचा एक सूर आपोआप ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर हा गंधार मध्य सप्तकात ३०० वर येतो, आणि पेटीचा ३०२.४ च्या जवळ. फरक जवळपास १४ सेंटचा, म्हणजे नेमका तुमच्या मुलाचा आकडा! यमनाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, रोज तानपुऱ्यावर त्याच स्वरावर ठहराव. त्यामुळे मुलगा तानपुऱ्यात मिसळतोय आणि अ‍ॅप त्याला नापास करतंय, ही शक्यता बरीच आहे. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे, म्हणून तपासा. अ‍ॅपमध्ये षड्ज त्याच्या तानपुऱ्याचाच लावा, नाही तर सगळेच आकडे सरकतील. मग त्याला एकेक स्वर आठ-दहा सेकंद स्थिर धरायला सांगा. पंचम हिरवा, रिषभ जेमतेम तीन-चार सेंट चढा, आणि गंधार, धैवत, निषाद तिन्ही १२ ते १६ सेंट उतरलेले दिसले, तर कान तानपुऱ्याशी जुळलेला आहे. पंचमसुद्धा तेवढाच उतरत असेल, तर मात्र तो कणसूर (किंचित बेसूर) लागतोय. दमसास (श्वासाची ताकद) आणि पट्टी दोन्ही बघा. एकदाच तपासा आणि अ‍ॅप काढून टाका. दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हलकेच झुलणाऱ्या, गंधाराला त्यात लाल-हिरवं काय दिसणार?

तुमच्या आणि भावाच्या वादात मी कोणाच्याच बाजूने नाही. तानेचा वेग हा मुख्यतः सरावाचा भाग. तो शिकवता येतो, आवाज फुटला की जातो, पलट्यांनी (स्वरांचे क्रम घोटून) परत येतो. वेगाची घाई केली की दाणा, म्हणजे प्रत्येक स्वराचा सुटेपणा, जातो. त्याची जुनी तान फोनवर अर्ध्या वेगाने ऐका : प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, की मधले दोन स्वर नुसते घसरून गेलेत? स्पर्धेत टाळ्या दोन्हींना सारख्याच पडतात. भाऊ म्हणतात ती गोष्ट, एकदा ऐकून पेटीवर काढणं, ही चांगली स्मरणशक्ती आणि चांगला कान आहे. ती मौल्यवान आहेच, पण अजून ती नक्कल आहे. कुमार गंधर्व लहानपणी नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात असत. तरीही त्यांना मुंबईला गायनगुरू बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं गेलं, आणि त्यांचं स्वतःचं म्हणून जे गाणं आपण ओळखतो ते फार पुढे आलं.

आवाज बदलला म्हणजे गायक संपला, हेही मनातून काढा. गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिका ऐका. बारीक, उंच आवाज आहे. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यानंतर तो जड झाला, आणि त्याच जड आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांचा गळाही मुळात सहज वळणारा नव्हता. तो त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत मेहनतीने वळवला.

मग १४ व्या वर्षी पाहायचं काय? मी तीन गोष्टी पाहतो, आणि त्यातल्या एकीलाही चढा गळा लागत नाही. चूक झाली की गुरुजींनी टोकायच्या आधी तो स्वतः थांबतो का? विलंबित एकतालात (बारा मात्रांच्या संथ तालात), हाताने टाळी न देता, आलाप करून मुखडा (बंदिशीचे सुरुवातीचे शब्द) पकडत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो का? आणि एकच स्वरवाक्य दिलं तर त्याची चार निराळी रूपं करतो का? भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. एकात गंधाराचं राज्य, दुसऱ्यात धैवताचं. धैवतावर थोडं जास्त रेंगाळलं की भूपाचा देशकार होतो. हे त्याला कोणी न सांगता खटकत असेल, तर तयारी कमी असली तरी मी त्या मुलावर विश्वास ठेवीन. यातलं काहीच आज दिसत नसेल, तरी १४ हे निकाल लावायचं वय नाही. आणि हे पाहायचं काम गुरुजींचं आहे. तुम्ही वही-पेन घेऊन समोर बसू नका.

अभ्यासक्रमांचं थोडक्यात : शाळा सोडायची नाही, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत सवडीने द्या, बारावीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग पाहता येईल. विशारद झाला म्हणजे कलाकार झाला असं नाही, पण शिकवायला आणि पुढच्या प्रवेशांना तो कागद उपयोगी पडतो. जेईई की गाणं, हा प्रश्न अकरावीच्या उंबरठ्यावर त्याच्याशी बसून सोडवा. तोवर त्याला खरंच गणित आवडत असेल तर क्लास जरूर लावा, पण गाण्याशी त्याचा सौदा नको.

गळ्याला काम कमी असेल त्या महिन्यांत त्याला तबल्याचे ठेके शिकू द्या, पाठ असलेल्या बंदिशी स्वरलिपीत लिहू द्या, भरपूर ऐकू द्या. एकाच रागाचं तीन वेगळ्या घराण्यांतलं गाणं सलग ऐकणं हा या वयातला फार मोठा रियाज आहे.

डिसेंबरच्या स्पर्धेचा फॉर्म भरला असेल, तर आयोजकांना फोन करून नाव मागे घ्या. ते त्याला आज रात्री जेवतानाच सांगा, आणि ती अट तुम्ही घातली होती, ती चूक होती, हेही तुमच्याच तोंडून त्याला ऐकू द्या.