विमानातून समुद्राचा तळ मोजताना

मागच्या लेखात विमानातून लेसर सोडून उथळ समुद्राची खोली मोजण्याचा उल्लेख होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी चार आज घेतो.

प्र. लेसर पाण्यावरूनच परत फिरणार ना? मग तळ कसा कळतो?

उ. म्हणून तर किरण दोन असतात. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, ५३२चा हिरवा आत शिरून तळाला टेकून येतो. दोघांच्या परतीच्या वेळेतल्या फरकावरून खोली काढतात. पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर धावतो. १० मीटर खोलीपर्यंत जाऊन यायला त्याला जेमतेम ८९ नॅनोसेकंद लागतात. गंमत म्हणजे गुडघाभर पाणी मोजणंच जास्त अवघड, कारण पृष्ठभागाचा आणि तळाचा प्रतिसाद एकमेकांत मिसळतो.

प्र. बोटीतून ध्वनिलहरींनी मोजता येतं, मग विमानाचा खर्च कशाला?

उ. खोल पाण्यात बोटच बरी. पण तिच्या ध्वनियंत्राला खोलीच्या तीन-चार पट रुंदीचाच पट्टा दिसतो. ५ मीटर पाण्यात तो १५-२० मीटरचा, शिवाय खाली खडक! विमानाचा पट्टा पाव किलोमीटरच्या आसपास, पाणी उथळ असो वा खोल. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने १९९३पासून ‘लॅड्स’ ही यंत्रणा फॉकर विमानात बसवून ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांमधला समुद्र मोजला, तो याचसाठी.

प्र. आमच्या कोकणात हे चालेल का?

उ. सगळं पाण्याच्या नितळपणावर आहे. घरच्या घरी अंदाज घ्या: पांढरी, जड थाळी दोरीला बांधून होडीतून सोडा आणि ती कितीवर दिसेनाशी होते ते पाहा. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५मध्ये भूमध्य समुद्रात हेच केलं होतं. लेसर साधारण त्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट उतरतो. थाळी ३ मीटरवर हरवली, तर ६ ते ९ मीटर. अतिशय स्वच्छ समुद्रात ५० मीटरपर्यंत जमतं. मुंबईजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी भरती-ओहोटी गाळ घुसळत राहते, तिथे मी तरी यावर पैसे घालणार नाही. पावसाळ्यात तर नावच नको. हिवाळ्यात मालवणच्या खडकाळ भागात प्रयत्न करण्याजोगा आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांभोवतीचं पाणी मात्र जणू यासाठीच.

प्र. खाली होडीत बसलेल्या माणसांच्या डोळ्यांना धोका?

उ. किरण मुद्दाम फुगवलेला असतो. पाण्यावर पडताना त्याचा ठिपका मीटर-दोन मीटर रुंद होतो, आणि उघड्या डोळ्यांना इजा होणार नाही अशीच उंची ठरवतात. फक्त त्या विमानाकडे दुर्बिणीतून पाहू नका.