पासिंग झालेल्या मोटारसायकलची चॅसी तुटली, दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: मी सांगलीजवळ राहतो. जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून 2009 सालची मोटारसायकल 26,000 रुपयांना घेतली. "आत्ताच पासिंग झालंय, पाच वर्षं बघायचं काम नाही," असं तो म्हणाला. आरसीवर नूतनीकरण खरोखरच आहे. तिसऱ्या आठवड्यात चालत्या गाडीची चॅसी हँडलखाली तुटली. माझं मनगट मोडलं आणि शेजारून सायकलवर जाणाऱ्या एका आजोबांच्या पायालाही लागलं. मेकॅनिक म्हणतो, तिथे आधीच वेल्डिंग करून वर रंग मारलेला होता. "गाडी जशी आहे तशी पाहून घेतली" अशा पावतीवर माझी सही आहे. गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही. विमा चालू आहे, पण जुन्या मालकाच्या नावावर. विक्रेत्यावर आणि आरटीओवर दावा करता येईल का?

उत्तर: आधी एक विनंती. ती चॅसी जोडून घेऊ नका आणि गाडी भंगारातही देऊ नका. तुटलेली जागा हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. वेल्डिंग आणि रंगाचे थर स्पष्ट दिसतील असे फोटो काढा, मेकॅनिकचं म्हणणं लेखी घ्या, आणि जमल्यास परवानाधारक विमा सर्वेक्षकाकडून तपासणी अहवाल करून घ्या.

आता पासिंगबद्दल. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ही पाच वर्षं नोंदणीची आहेत, गाडीच्या तब्येतीची नाहीत. तपासणी त्या दिवसापुरती असते आणि ती मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची: दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, चॅसी क्रमांक नोंदीशी जुळतो का. रंगाखालचं वेल्डिंग त्यात सहज निसटतं. इतक्या जुन्या गाडीचा हँडलखालचा सांधा उजेडात धरून पाहिल्याशिवाय शिक्का देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज तुम्हाला माझ्या मतावर नव्हे, कायद्यावर उभं राहायचं आहे.

म्हणून आरटीओवर भरपाईचा दावा लावण्याच्या भरीला पडू नका, निदान आत्ता तरी. कायद्याने सोपवलेल्या अशा कामाबद्दल ग्राहक तक्रार टिकणं कठीण, आणि दिवाणी दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस देऊन निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागेल. त्यापेक्षा माहितीच्या अधिकारात या गाडीचा तपासणी अहवाल मागा: तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, शेरा काय. गाडी न आणताच पासिंग झाल्याचं त्यातून दिसलं, तर चित्र बदलेल. एवढं मात्र लक्षात ठेवा, की धोकादायक गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 53 खाली निलंबित करता येते. तक्रार केलीत तर हे तुमच्याच गाडीवर येऊ शकतं. तरीही ती आता रस्त्यावर नसलेलीच बरी.

तुमची खरी बाजू विक्रेत्याविरुद्ध आहे. तो शेजारीपाजारी नाही, गाड्या विकणं हा त्याचा धंदा आहे. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार, ग्राहक विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून आणि वापराचा हेतू त्याला ठाऊक असताना वस्तू घेतो, तेव्हा ती त्या वापरायोग्य असण्याची अट गृहीतच धरली जाते. पाहूनही जो दोष दिसला नसता, त्याची जबाबदारी पाहून घेतल्याने सुटत नाही. पावतीवरच्या त्या ओळीला घाबरू नका. दोष मुद्दाम झाकणं ही करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे फसवणूक आहे. वेल्डिंग त्याला ठाऊक होतं हे मात्र दाखवावं लागेल, म्हणून रंग कधी आणि कोणी मारला, हे जुन्या मालकाला विचाराच. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्याच्याकडे ते आहे का, तेही तपासा.

आजोबांचा विषय हलका घेऊ नका. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले, तर चालक म्हणून तुम्ही, विमा कंपनी आणि कागदावरचा मालक असे तिघेही त्यात याल. नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे ज्याने गाडी विकून टाकली, त्यालाही ही झळ बसेल. अपघाताची खबर पोलिसांना आणि विमा कंपनीला दिली नसेल, तर आजच द्या. दोष असलेली गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 190 तुमच्यावरही लागू शकतं, पण ठाऊक असलेला किंवा साध्या काळजीने कळला असता असाच दोष त्यात येतो. रंगाखालचा तडा त्यात बसत नाही. मात्र आधी हँडल डगमगत होतं किंवा करकर आवाज येत होता आणि तरीही गाडी चालवलीत, असं असेल तर वकिलाला आत्ताच खरं सांगा.

पुढचं पाऊल म्हणजे विक्रेत्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस: गाडीची किंमत, दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, आणि उत्तरासाठी 15 दिवस. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि गाडीसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आयोग गाडी प्रयोगशाळेत तपासणीलाही पाठवू शकतो, म्हणून तोवर ती ताडपत्रीखाली कोरडी ठेवा. तुटल्या जागेवर गंज चढला, तर जुना तडा कुठला आणि नवा कुठला हे सांगणं अवघड होतं.