सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा

"मी उदगीरची, वय २३. चिकलठाण्यात आयटी कंपनीत सपोर्टला लागले, सिडकोत पीजीत राहते. सुट्टी सोमवार-मंगळवारी येते, तेव्हा रूममेट कामावर असतात. वेरूळ-अजिंठा एवढं जवळ, पण एकटीनं निघायचं म्हटलं की हातपाय गळतात. आई तर नकोच म्हणते. दोन्ही दिवस मोबाईलवर जातात. सुरुवात कुठून करू?"
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पोरी, आधी तुझ्या सुट्टीचं बघू, कारण बाहेरून येणारे हमखास इथंच फसतात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. म्हणजे तुला सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. उलटं केलंस तर दोन्हीकडून हात हलवत परत. वर शनिवार-रविवारची गर्दी तुझ्या वाट्याला नाही, हे बाकीच्यांना मिळत नाही.

पण पहिल्याच सुट्टीत लेण्यांकडे पळू नकोस. हातपाय गळतात ते बहुधा परतीच्या काळजीनं. म्हणून आधी परतीचा रस्ता पाठ कर. चिकलठाणा, सिडको, सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, हे सगळं एका जालना रोडवर आहे. कुठंही चुकलीस तर "जालना रोड कुठं?" एवढंच विचारायचं, तिथून सिडकोकडे शेअर रिक्षा मिळते. दुपारी चारला क्रांती चौकात उतर आणि पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज असं पायी जा. थांबत-बघत दोन तास. एकटीनं हॉटेलात बसायला अवघडत असेल तर गुलमंडीवर उभ्यानं इमरती खा, तेवढ्यानं भीड चेपते.

पुढच्या खेपेला बीबी का मकबरा आणि मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी. लेण्यांसाठी रिक्षा जाऊन-येऊन ठरव, भाडं बसायच्या आधी बोल. वर रिकामी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नकोस.

मग वेरूळ. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नड-चाळीसगावकडे जाणारी एसटी. अंतर साधारण ३० किलोमीटर. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, सुटे पैसे जवळ ठेव. सगळे आधी १६ नंबरच्या कैलासात शिरतात, तिथंच दमतात आणि बाकीची ३३ लेणी राहून जातात. तू १० आणि १२ आधी बघ, मग टोकाला ३२ आणि शेवटी कैलास. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतरचं ऊन त्याच्यावर येतं.

अजिंठ्याला मात्र तिकीट काढताना तोंड सांभाळ! जळगावच्या गाडीत नुसतं "अजिंठा" म्हणालीस तर कंडक्टर अजिंठा गावाचं तिकीट देईल, आणि लेणी तिथून घाट उतरून दहा-एक किलोमीटर पुढं. "अजिंठा लेणी, फर्दापूर टी पॉइंट" असं स्पष्ट सांग. टी पॉइंटवरून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत तिथली वेगळी बस, सुमारे चार किलोमीटर. शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे, तेव्हा सकाळी सातच्या आत निघ आणि चारला परत टी पॉइंटवर ये. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत. १, २, १६, १७ मध्ये आत गेल्यावर पाच मिनिटं नुसती उभी राहा, डोळे अंधाराला सरावले की रंग दिसायला लागतात. फ्लॅश चालत नाही. २६ पर्यंत जा. तिथला आडवा बुद्ध थकून सोडणारे खूप असतात.

दौलताबादचा किल्ला एकटीनं चढायला हरकत नाही, सकाळी लवकर आणि दोन लिटर पाणी घेऊन. फक्त 'अंधारी'च्या बोगद्यात एकटी जाऊ नकोस. आत वटवाघळं आणि मिट्ट काळोख, पायऱ्या दिसत नाहीत. एखादं कुटुंब किंवा गाईड येईपर्यंत थांब. एप्रिल-मेमध्ये किल्ला नकोच.

आईशी वाद घालू नकोस, व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठव. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. अजिंठ्याच्या दिवशी सकाळी लावलेलं दुपारीच बंद पडेल आणि तिकडं आईचा जीव टांगणीला लागेल, म्हणून जेवताना पुन्हा चालू कर. त्यानं बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक घे.