फ्लशच्या टाकीत गोळी टाकण्याआधी

गुहागरच्या घरात नवा दोन बटणांचा फ्लश बसवलात, छान केलंत. लहान बटणाला साधारण 3 लिटर, मोठ्याला 6; मे महिन्यात विहीर तळ गाठते तेव्हा ही बचत जाणवते.

आता संडासचं भांडं साफ राहावं म्हणून टाकीत टाकतात त्या गोळीचं. सुरुवातीला एवढंच बघा: पाकिटावर ‘ब्लीच’ किंवा ‘क्लोरीन’ लिहिलं असेल तर ती टाकीत नको. क्लोरीनने टाकीच्या तळाचं रबरी सील कडक होतं, चिरतं, आणि पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं. वाचवलेलं सगळं पाणी तिथेच जातं.

आपल्याकडे घरं गणपतीनंतर थेट शिमग्यालाच उघडतात. इतके दिवस फ्लश न होता गोळी विरघळत राहिली की टाकीतलं पाणी फारच तीव्र होतं. म्हणून कुलूप लावण्याआधी गोळी काढा, दोनदा फ्लश करा. हे मात्र विसरू नकाच.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- टाकीत ब्लीचची गोळी असताना भांड्यात अ‍ॅसिड ओतणं. विषारी क्लोरीन वायू सुटतो, जिवावर बेतू शकतं.
- एकाऐवजी दोन गोळ्या टाकणं.
- गोळी सुटी टाकणं. तुकडा सीलखाली अडकतो.

गळतीची शंका आली तर, गोळी नसताना, टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर सील बदला.

मी स्वतः टाकीत काहीच टाकत नाही. आठवड्यातून एकदा भांडं ब्रशने घासते, पुरतं.